सतरावा नंबर

तरुण मुलांना पैशाचे व्यवहार आणि छोटा धंदा शिकवणाऱ्या त्या संस्थेतल्या मॅडमची एक नामी पद्धत होती. नव्या तुकडीने जुन्या विद्यार्थ्यांच्या धंद्यांना सरावाचा फोन करायचा, खोटं गिऱ्हाईक बनून. जुन्यांना ते ठाऊक असे आणि नव्यांची भीड चेपे.

यादीतला सतरावा नंबर मात्र खोडायला हवा होता. कापडी पिशव्या शिवणारी ती पोरगी वर्षापूर्वी ऑर्डर पोचवायच्या घाईत ट्रकखाली गेली. दिलेली वेळ चुकवायची नाही, हे तिच्या डोक्यात मॅडमनीच भरवलं होतं. आता एक नंबर खोडायला असा कितीसा वेळ लागतो? पण पेन उचललं की मॅडमचा हात चालत नसे. मन खात होतं, खातच राहिलं.

मंगळवारी दुपारी एक विद्यार्थिनी फोन ठेवत म्हणाली, "मॅडम, सतरा नंबरच्या ताई काय गोड बोलतात. पिशव्या उद्या देते म्हणाल्या."

वर्ग तसाच सोडून मॅडम पिशव्यावाल्या पोरीच्या घराचा पत्ता शोधत गेल्या.

दार पोरीच्या आईने उघडलं. मशीनवर अर्धी शिवलेली पिशवी होती.

"चूक झाली, काकू. तो फोन सरावाचा होता. नंबर आजच काढते."

"माहीत आहे हो. फोन करणारी तुमची विद्यार्थिनी कागदावर बघून वाचत होती." आईचा आवाज घोगरा, थकलेला होता.

तेवढ्यात फोन वाजला. आईने घसा खाकरून तो उचलला. "नमस्कार, बोला, कशी पिशवी हवी?" आवाज विशीतला. वाक्याच्या मध्येच गेलेल्या पोरीचं तेच अर्धवट हसू. मॅडमनी दाराची चौकट धरली. त्यांना भीती वाटली आणि तो आवाज थांबू नये असंही वाटलं.

"राँग नंबर," फोन ठेवून आई पुन्हा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "फोन वाजला की तेवढी येते ती. नंबर राहू द्या, मॅडम."

"काकू, मला माफ..."

"मला नका विचारू. तिला विचारा." आईने दार लोटून घेतलं.

मॅडम पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी नंबर लावला. दारापलीकडे रिंग वाजली.

"नमस्कार, बोला, कशी पिशवी हवी?"

वर्षभर जुळवून ठेवलेलं एकही वाक्य मॅडमना आठवेना.

"कशीही चालेल," त्या म्हणाल्या. "पण सावकाश आण, बाळा. मला अजिबात घाई नाही."