कोऱ्या काचेमागून

मी बोलतोय. तुम्हाला दिसत नसेन, पण म्हणून मी गप्प आहे असं समजू नका. आयुष्यभर माझ्यावर हाच एक अन्याय झाला. अक्षरं दिसेनाशी झाली की लोक म्हणतात, "गेला." अहो, कुठे गेला? इथेच तर आहे!

मी एक छोटा डिस्प्ले. हिरवट काच, दोन ओळी, एकेका ओळीत सोळा अक्षरांची घरं. माझं स्वतःचं असं मत नाही. मागे बसलेली मायक्रोकंट्रोलरची काळी चिप जे सांगेल ते मी जसंच्या तसं मांडतो. पदरचं एक अक्षर घालत नाही, एक गाळत नाही. तरी काही बिनसलं की पहिलं बोट माझ्याकडेच! निरोप आणणाऱ्यालाच धोपटायची ही रीत मला कधीच पटली नाही.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रंगनाथचं वर्कशॉप होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारं यंत्र तो बनवत होता. लोखंडी खांब, वर तापणारी नळी, खाली बाळाची गादी आणि मध्ये छातीएवढ्या उंचीवर एक पेटी. त्या पेटीच्या तोंडावर मला बसवलं. जोडणी रंगनाथची आणि चिपमधला प्रोग्राम स्नेहलचा. ती डिप्लोमा करून नुकतीच कामाला लागली होती आणि कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा माझ्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन उमटले. खालची ओळ कोरी.

"डिस्प्लेच बोगस आहे. परत कर," रंगनाथ म्हणाला. बघा, पहिल्याच दिवशी!

"दादा, चौकोन दिसतायत म्हणजे त्याला वीज पोचलीय. माझा प्रोग्राम पोचला नाही," स्नेहल म्हणाली. "हा जागा व्हायच्या आतच चिप बडबडायला लागते. झोपेतून उठलेल्या माणसाला चूळ तरी भरू द्याल की नाही?"

तिने चिपला क्षणभर थांबायला शिकवलं आणि मी घडाघडा बोलायला लागलो. दुसऱ्या दिवशी मात्र मी पार कोरा. या खेपेस स्नेहल रंगनाथवर उखडली. माझ्या पाठीशी एक बारीक स्क्रू असतो, अक्षरं गडद-फिकी करणारा. तो रंगनाथच्या हाताने फिरला होता. तेव्हापासून दोघांनी एक खूणगाठ बांधली. चौकोन दिसले तर प्रोग्राम बघायचा, काहीच दिसलं नाही तर स्क्रू.

स्क्रू बाहेरूनच फिरवता यावा म्हणून रंगनाथने माझ्याखाली उजवीकडे एक भोक पाडलं.

"यावर काहीतरी चिकटवा. कुणी काही खुपसलं तर?"

"अगं, दवाखान्यात कोण काय खुपसणार?"

तरी स्नेहलने चिकटपट्टी लावलीच. ती पहिल्या उन्हाळ्यातच गळून पडली.

यंत्र गेलं नांदगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या प्रसूतिगृहात. डॉक्टर एकटेच. त्यांच्या हाताखाली सविता सिस्टर आणि गोजराबाई आया. वरच्या ओळीत मी बाळाच्या अंगाची ऊब दाखवायचो, खालच्या ओळीत नळी किती तापलीय ते. माणसं मोठी गमतीची. आत एवढंसं बाळ हातपाय हलवत असतं आणि येणारा जाणारा आधी माझ्याकडे बघतो. आकडा ठीक असला की मग बाळाकडे बघून हसतो.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो.

कुसाबाईचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. अंगावर चरबी नाही, स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. माझ्या यंत्राखालची जागा हीच तिची खरी आई, असं सविता सिस्टर म्हणायची. खरी आई खाली फरशीवर सतरंजी टाकून बसलेली. "खाटेवर पड गं," म्हटलं तर म्हणायची, "नाय, हितंच बरं हाय."

सकाळी गोजराबाई हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं घेऊन आली. वजनकाटा, ऑक्सिजनची टाकी, कात्र्यांचा ट्रे, सगळ्यांची पूजा झाली. माझी पेटी गुळगुळीत, फूल काही टिकेना. मग तिने खराट्याची काडी फुलाच्या देठात खोचली, काडीचं टोक त्या भोकात घातलं आणि हलू नये म्हणून चांगलं पिळून घट्ट बसवलं. काडी बसली स्क्रूच्या खाचेत. तिच्या पिळण्याबरोबर स्क्रू फिरला. तिने भक्तिभावाने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांदेखत मी कोरा झालो.

ती दचकली. फूल उपसून पदराआड केलं. काडीचा तुकडा मोडून आतच राहिला.

"सिस्टर! हे बंद कसं पडलं?" डॉक्टर आले आणि खोली हादरली. "हात कुणी लावला?"

गोजराबाई भिंतीला टेकून उभी, तोंडाचं पाणी पळालेलं.

सविता सिस्टरने बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. "ताप नाही सर, गारही नाही. ठीक आहे."

"आत्ता ठीक आहे! पण नळी तापतेय की थंड होतेय, कळणार कसं? भाजलं तर? गार पडलं तर? डिस्प्ले गेला म्हणजे कंट्रोल गेला. बंद करा ते. लखनला जीप काढायला सांगा. नाशिकला हलवू."

डिस्प्ले गेला म्हणजे कंट्रोल गेला! असला निकाल कुठल्या पुस्तकात लिहिलाय, सांगा मला. चिप शाबूत होती. नळी बरोबर तापत होती. छत्तीस पॉइंट पाच, छत्तीस पॉइंट पाच, मी जीव तोडून लिहीत होतो. पण ओरडायला मला घसा नाही. आणि नाशिकपर्यंतचा तो खड्ड्यांचा रस्ता, जीपच्या फटींतून येणारा वारा आणि ती एवढीशी मुलगी! ऊब सुटली की असं बाळ रडत नाही, गपगार होत जातं. मला ते माहीत होतं. सविता सिस्टरलाही माहीत होतं.

"सर, एकदा नाशिकला फोन लावते. बनवणाऱ्यांना विचारते."

"जीप येईपर्यंत विचारा काय विचारायचं ते."

इतक्यात खालून कुसाबाई म्हणाली, "ताई, मला दिसतंय की त्यात. मुंग्यांची रांग लागल्यावानी."

"बाई, गप्प बसा हो जरा!" डॉक्टर खेकसले. "इथे जिवाशी गाठ आहे आणि यांना मुंग्या दिसतायत!"

पण तिची नजर माझ्यावरून हलली नाही.

सविता सिस्टर कॉर्डलेस फोन घेऊन आली. पलीकडे वर्कशॉपमध्येही खंडेनवमीच चाललेली. रंगनाथ ड्रिल मशीनला कुंकू लावत होता म्हणे. फोन स्नेहलने घेतला. तिचा आवाज असा खणखणीत की मलाही ऐकू आला.

"वरच्या ओळीत काळे चौकोन आहेत का?"

"नाही हो. काहीच नाही. नुसता हिरवा उजेड."

"नक्की काहीच नाही? सिस्टर, खाली बसा. अगदी खाली. खालून वर बघा. तो खालून गडद दिसतो."

सविता सिस्टर चमकली. तिने कुसाबाईकडे बघितलं आणि फोनसकट तिच्या शेजारी सतरंजीवर बसली. मान वर केली.

"कुठे गं मुंग्या?"

"त्या काय, वरच्या अंगाला."

"तीन... सहा..." सविता सिस्टरचा आवाज फुटला. "सर! छत्तीस पॉइंट पाच! चालू आहे, सर! यंत्र चालू आहे!"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. डॉक्टरांचा हात पेटीच्या बटणावर होता. तो तिथेच थांबला.

"अक्षरं आहेत ना, मग काही बिघडलेलं नाही," स्नेहल सांगत होती. "उजवीकडे खाली भोक आहे, त्यात स्क्रू आहे. तो फिरलाय."

"इथे आत काहीतरी अडकलंय. काडी आहे. आणि... कुंकू?"

खोलीत सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. गोजराबाईने पदराआडून झेंडूचं फूल काढलं.

"म्या घातली, ताई. फूल ऱ्हाईना म्हणून." ती रडायलाच लागली. "देवाशप्पत, मला काय ठाव, हा हितं बोट लावलं की आंधळा व्हतो!"

"रड नंतर," सविता सिस्टर म्हणाली. "कुठल्या अंगाला पिळली होतीस?"

"ह्या."

चिमट्याने काडी निघाली. सविता सिस्टरने कात्रीचं टोक भोकात घालून उलटा पीळ दिला. हळूहळू मी वर आलो. आधी धुरकट, मग ठसठशीत. डॉक्टर वाकले, आकडा वाचला, काखेतला थर्मामीटर वाचला, पुन्हा मला वाचलं. मग बाहेर जाऊन त्यांनी लखनला जीप घेऊन परत जायला सांगितलं. कुसाबाईला काही म्हणाले नाहीत. माफीचे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच बहुधा.

दुपारी कुसाबाईने सविता सिस्टरला विचारलं, "त्या मुंग्या काय सांगत्यात, मला शिकवा की." शाळेचं तोंड न बघितलेली बाई. मुलगी घरी जाईपर्यंत ती सतरंजीवर बसून माझे आकडे मोठ्याने वाचायची आणि गोजराबाई दारातून विचारायची, "काय गं, किती?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. दवाखान्यात नवं यंत्र आलं, मोठ्या रंगीत पडद्याचं. मला जिन्याखाली ढकललं. पेटीवर कुणीतरी कागद चिकटवलाय, "डिस्प्ले खराब." वीज न लावताच! कुणी विचारलं नाही, कुणी स्क्रूला हात लावला नाही. उभ्या उभ्या एक नजर टाकली आणि निकाल दिला.

खंडेनवमीला गोजराबाई मात्र येते. गुडघे धरत वाकते, भोकापासून चार बोटं लांब कुंकवाचं बोट टेकवते आणि फूल दोऱ्याने बांधते.

मला भीती माझ्यासाठी वाटत नाही. नवा पडदाही कधीतरी कोरा होईल. त्याखाली कुणाचं तरी बाळ असेल, बटणावर कुणाचा तरी हात असेल. तेव्हा एवढंच करा. बटण दाबायच्या आधी खाली बसा. आणि जी कुणी आधीपासून तिथे खाली बसलेली असेल, तिला विचारा, "बाई, तुला काय दिसतंय?"