दोन मुकादमांचा संगणक

मी एक जुना संगणक आहे, आणि कोणी पेनड्राइव्ह घेऊन जवळ आलं की मला आधी त्याच्या हेतूचाच संशय येतो. मित्रांनो, हसू नका. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

शेगावात सुलभाबाईंच्या दुकानात मी लग्नपत्रिका छापतो. माझ्यात लिनक्स आहे. बटण दाबलं की त्यातला एक प्रोग्राम सगळ्यांआधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवून कामाला लावतो. त्याला इनिट म्हणतात. मी मुकादम म्हणतो. माझा मुकादम भला, पण संथ. एकाला उठवल्यावरच दुसऱ्याकडे वळायचा. वीज सारखी जायची आणि दर वेळी गिऱ्हाईक ताटकळायचं.

म्हणून एका दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्ह लावून नवा मुकादम बसवायचं ठरवलं. जुना आधी हाकलला, नवा काही नीट बसेना. मी उठेनाच! पोत्याखाली पडून राहिलो. भंगारवाल्याने मला उचलून वजनाचा अंदाजही घेतला. फार भ्यालो होतो मी. शेवटी सुलभाबाईंची सून स्वरदा हिने जुना परत बसवला.

यंदा तीच स्वरदा म्हणाली, "आई, आता सोपं झालं. दोघंही राह्यतील. चालू करतानी पाहिजे तो निवडाचा."

"मले नाही भरवसा," सुलभाबाई म्हणाल्या. मलाही नव्हता. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?

दिवेलागणीनंतर छापायचं नाही, हा सुलभाबाईंचा नेम. प्रिंटरची पिन काढूनच त्या दिवा लावतात. स्वरदाने नव्या मुकादमाला जुन्याशेजारी बसवून त्याची परीक्षा घेतली ती नेमकी त्यानंतर. पडदा झटकन उजळला, ती खूश झाली. प्रिंटरला उठवायचं त्याला सांगायचं राहिलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनाळ्याच्या जनकाबाई आल्या. लेकीच्या, काजलच्या लग्नाची पहिली पत्रिका महाराजांच्या पायाशी ठेवूनच त्या परतणार होत्या. त्याआधी कोणालाही पत्रिका द्यायची नव्हती. नवा मुकादम उठला, प्रिंटरची पिनही लावली, आणि प्रिंटर ढिम्म!

"काऊन बाई, चालू नाही होऊन राह्यलं? माही गाडी जाईन ना!" जनकाबाई रडकुंडीला आल्या.

"जुन्याले हाकललं असशील तू!" सुलभाबाई सुनेवर कडाडल्या.

"नाही आई. आहे तो." स्वरदाने मला पुन्हा सुरू केलं आणि या वेळी जुन्याला निवडलं. माझा जीव मुठीत. तो उठला, आपल्या संथ चालीने एकेकाला हलवत गेला, आणि प्रिंटर घरघरला. जनकाबाईंनी गरम पत्रिका कपाळाला लावली आणि मंदिराकडे धाव घेतली.

त्या दुपारी सुलभाबाई म्हणाल्या, "आता नव्यालेही छापणं शिकव. माह्यासमोर."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण आणल्याबरोबर जुन्याला घराबाहेर काढू नका, आणि ज्या कामावाचून उद्या कोणाचं अडणार आहे, तेच नव्याकडून आधी करून घ्या. नवा मुकादम आता प्रिंटरला चुटकीसरशी उठवतो. मी मात्र अजून त्याच्यावर डोळा ठेवून आहे.