हातगुणबुवांची पहिली ओळ

मुलांनो, कल्पना करा. एका ऑफिसात एका खुर्चीमागे दहा-बारा मोठी माणसं डोळे मिटून उभी आहेत. खुर्चीत थोरले इंजिनिअर, टोपणनाव हातगुणबुवा. दवाखान्याचं नवं अॅप सर्व्हरवर चढवायचंय. ते चढवते स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राने ओळीने करायच्या कामांची यादी.

खुर्ची खरं तर तिथल्याच एका बाईंची, या गोष्टीतल्या आईची. तिने सकाळपासून दोनदा स्क्रिप्ट चालवली, दोनदा ती आपटली, अॅप चढलंच नाही. साहेब म्हणाले, "उद्यापासून हे काम तुमच्याकडे नको." नऊ वर्षांचं काम.

"यंत्राला माणूस कळतो, बाई," बुवा म्हणाले. "बोटांत शांती लागते. मिटा डोळे."

खटखट झाली आणि अॅप चढलं. लोकांनी माना डोलावल्या.

आईने निघायला पिशवी उचलली. शाळेला सुट्टी म्हणून सोबत आलेली लेक कुजबुजली, "मी डोळे मिटलेच नव्हते."

"बरं केलंस. चल घरी."

"त्यांनी आधी एक ओळ लिहिली, मग स्क्रीन कोरी केली. तू ती लिहिली नव्हतीस."

आई पिशवी ठेवून पुन्हा बसली. लेकीने सांगितलेली ओळ लिहिली, स्क्रिप्ट चालवली. अॅप बिनबोभाट चढलं.

"योगायोग," साहेब म्हणाले.

"मग काका, तुम्ही ती ओळ न लिहिता करा ना," लेक बुवांना म्हणाली.

"आज बोटं थकलीत, बाळ."

"एकदाच करा हो," साहेब म्हणाले. बुवांनी स्क्रीनवर नवी खिडकी उघडून, ती ओळ न लिहिता केलं. स्क्रिप्ट आपटली.

गोम एवढीच होती. सर्व्हरचा पत्ता एका सेटिंगच्या फाइलमध्ये असतो. स्क्रिप्ट ती फाइल आपण ज्या फोल्डरात उभे असू तिथेच शोधायची. नाही मिळाली, तर मुकाट्याने जुना, आता बंद झालेला पत्ता घ्यायची. फाइल होती फक्त बुवांच्या फोल्डरात, आणि ती पहिली ओळ त्यांना तिथे नेऊन सोडायची. आईने स्क्रिप्टमध्ये फाइलचा पूर्ण ठावठिकाणा लिहिला, शिवाय फाइल नसेल तर तसं सांगून थांब, असंही. साहेब खाली बघत म्हणाले, "काम तुमच्याकडेच राहू द्या."

बाळांनो, डोळे मिटायला सांगणाऱ्यासमोर ते उघडे ठेवावेत, आणि एकच गोष्ट बदलून पुन्हा करून बघावं.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "पोरीच्याच हाताला गुण आहे. पुढच्या वेळी हिलाच बोलवू."

लेकीने दोन्ही हात पाठीमागे घेतले, त्या पुटपुटणाऱ्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आता तुम्ही बटण दाबा. डोळे उघडे ठेवून."