पुस्तकातला भाऊ

धनंजय गावाच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता, आणि त्या दिवशी तो बहिणीला मारायला आर्वीला निघाला होता. हसू नका. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकच माणूस करतो, आणि गाव त्याला दोन्हीकडे खुर्ची देतं.

झालं होतं असं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, वर्षालीचं, पुस्तक निघालं होतं. कादंबरी. घरातल्या मारझोडीवर आहे एवढं लोक बोलत होते. बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाजवळ कवडू अडत्यानं धनंजयला बाजूला घेतलं आणि मोठ्या कळवळ्यानं सांगितलं, की बाप्पा, बहिणीनं तुला पार उघडं पाडलं. कवडूनं पुस्तक वाचलं नव्हतं. त्याच्या सुनेनं वाचलं होतं, तेही अर्धं. तिनं सासूला सांगितलं, सासूनं कवडूला, आणि वाटेत प्रत्येकानं आपल्या पदरचं मीठ घातलं. धनंजयनंही पुस्तक हातात धरलं नाही. वाचायचं कशाला? त्यात काय असणार हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षाली कॉलेजात असताना तिची एक गोष्ट पेपरच्या रविवारच्या पुरवणीत आली होती. बायकोला बैलासारखं झोडपणाऱ्या माणसाची. नावं बदललेली, पण गावाला काय कळायचं राहतं? त्यांचा बाप, मधुकरराव, तो पेपर मुठीत चुरगाळून घरी आला आणि अंगणात उभा राहून पोराला म्हणाला, की जिनं लिहिलं तिचा हात ठेवू नको. तेव्हा दारात बैलांची बंडी असायची. बंडीच्या बाजूला उभी खोचतात ती बाभळीची उभारी, टोकाला लोखंडी कडं ठोकलेली, धनंजयनं उपसली. वर्षालीनं उजवा हात पोटाशी घट्ट धरला होता. त्यानं तो ओढून ओट्यावर ठेवला आणि हाणला. एकदाच नाही. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, कारण मध्ये पडायचं फळ तिला माहीत होतं. मग पोरगी गोठ्यात घसरून पडली असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. हाड वाकडंच जुळलं. वर्षाली नागपूरला निघून गेली, डाव्या हातानं लिहायला शिकली, आणि बाप मेला तरी घरी आली नाही.

धनंजयनं हे आयुष्यात कोणाजवळ काढलं नाही. बायकोला माहीत नव्हतं. लग्नाच्या वयाला आलेल्या पोरीला तर नाहीच. समितीच्या बैठकीत तो बजावायचा, की बाईमाणसावर हात उचलतो तो मर्द नव्हे. आणि बोलताना त्याला ते मनापासून पटलेलं असायचं, आता बोला! तोच माणूस आता तालुक्यासमोर नागडा होणार होता. आर्वीत आचल नावाची एक पोरगी ‘लेखकासंगं चाय’ म्हणून कार्यक्रम करायची. लेखकाला बोलवायचं, पुस्तकाच्या, मनाच्या आरोग्याच्या, लिहून पोट कसं भरायचं याच्या गप्पा मारायच्या, आणि सगळं मोबाईलवर लोकांना दाखवायचं. या खेपेला तिनं वर्षालीला बोलावलं होतं.

चुलतभाऊ धीरज आणि शेतावरचा सालदार लहानू, दोघांना धनंजयनं गाडीत बसवलं. धीरजला मारामारी म्हणजे जत्रा. गोठ्यात पडलेल्या जुन्या उभाऱ्या त्यानंच काढल्या. पण कार्यक्रमात काठ्या घेऊन शिरायचं कसं? तर त्यानं ‘गावाच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन’ असा लांबलचक फ्लेक्स छापून आणला आणि काठ्या त्यात गुंडाळल्या. त्या दिवशी अक्कल म्हणून जी काही होती ती धीरजच्याच वाट्याला आली होती.

वाटेत धनंजयनं समजावून सांगितलं. “पह्यले आयकू द्या. तिनं माहं नाव काढलं का मी उठतो. मी उठलो का सुरू करजा. पह्यले माईक, मंग ती. तोवर कोणी हालू नका.”

मंगल कार्यालयाच्या छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. मास्तर लोक, कॉलेजच्या पोरी, भिशीच्या बायका, अशी सगळी गर्दी. धनंजयला मागं भिंतीशी बसायचं होतं. पण दारातच आचलनं विचारलं, आपण कोण, आणि धीरजनं छाती फुगवून सांगितलं, लेखिकेचे सख्खे भाऊ. मग काय! आचलचा चेहरा असा उजळला, की तिनं धनंजयचा हातच धरला आणि त्याला पहिल्या रांगेत मधोमध नेऊन बसवलं. फ्लेक्सची गुंडाळी पाहून तर तिला भरून आलं. शेवटी लावू या, म्हणाली. धीरज आणि लहानू ती गुंडाळी पायाशी आडवी ठेवून त्याच्या मागच्या रांगेत बसले.

वर्षाली स्टेजवर आली. केस पिकायला लागले होते. तिनं समोर पाहिलं आणि तिची नजर भावावर अडकली. मग ती नजर त्याच्या मागं, खाली गेली, आणि तिथं बराच वेळ राहिली. धनंजयला वाटलं, घाबरली असेल. घाबरलीच होती.

आचलनं सुरुवातीला सगळ्यांना डोळे मिटून तीन खोल श्वास घ्यायला लावले. मन शांत होतं म्हणे. धनंजयनंही घेतले, करतो काय. मागं धीरजच्या नाकाचा आवाज भात्यासारखा येत होता. मग गप्पा सुरू झाल्या. लिहून घर चालतं का, असं आचलनं विचारलं तेव्हा वर्षाली हसली. नाही चालत, म्हणाली, दिवसा दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासते, तिथून भाकर येते, लिहिणं हे भाकरीनंतरचं काम. एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, लिहिण्यानं मन बरं होतं का. वर्षाली म्हणाली, जखम बरी होत नाही, पण तिच्याकडे पाहता येतं, आणि पाहता यायला लागलं की झोप लागते. प्रत्येक प्रश्नाला धनंजयला वाटे, आता येईल, आता नाव येईल, आणि त्याचे पाय उठायच्या तयारीत जमिनीला घट्ट होत.

शेवटी आचलनं पुस्तक उघडलं. ती म्हणाली, मला सगळ्यात जास्त रडवलं ते यातल्या भावानं. बाप उभारी घेऊन लेकीचा हात मोडायला येतो, आणि भाऊ मध्ये उभा राहतो, तिच्यावर पडणारा फटका स्वतःच्या हातावर घेतो, आणि आयुष्यभर वाकडा हात घेऊन वावरतो. असा भाऊ खरंच असतो का, की लेखिकेनं रचला?

धनंजयला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याच्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. वर्षालीनं पुन्हा एकदा त्या फ्लेक्सच्या गुंडाळीकडे पाहिलं, मग सरळ भावाच्या डोळ्यांत.

“खरा आहे,” ती म्हणाली. “समोरच बसलाय. माझा दादा.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की छत उडेल. भिशीच्या बायका डोळे पुसायला लागल्या. आणि धनंजयला रडू आलं. काय सांगू, त्या माणसाला खरंच रडू आलं. जिचा हात आपण मोडला तिनं आपलं पाप धुऊन, घडी घालून, लोकांसमोर आपल्या हातात ठेवलं. मी हिला मारायला आलो होतो, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली. आत्ता बाहेर जावं, काठ्या विहिरीत टाकाव्या आणि हिच्या पायावर डोकं ठेवावं असं त्याच्या मनात आलं.

पण जायचं तर उठावं लागणार, आणि उठायचं नव्हतं. तिनं त्याचं नाव काढलं होतं, आणि मागं दोघं त्याच्या पाठीकडे डोळे लावून बसले होते.

आचल माईकवरून म्हणाली, दादांनी उभं राहावं, आम्हाला पाहू द्या. धनंजय खुर्चीला चिकटला. त्यानं मान वळवून धीरजला डोळ्यांनी नको नको केलं. धीरजला वाटलं, तयार राहा म्हणतो. त्यानं गुंडाळीची दोरी सोडली. शेजारचे मास्तर म्हणाले, उठा हो, लाजता काय. आचल शाल आणि नारळ घेऊन खाली आली. तिनं शाल त्याच्या खांद्यावर टाकली, नारळ त्याच्या डाव्या हातात दिला, आणि लोक टाळ्या पिटत असताना त्याचा उजवा हात धरून, हसत हसत, त्याला ओढून उभं केलं.

धीरजचा पहिला फटका स्टेजच्या कडेला उभ्या माईकवर पडला. स्पीकरमधून कान फाटतील असा आवाज निघाला. दुसरा टेबलावर, तिसरा आचलच्या खांद्यावर. ती पोरगी हसता हसताच खाली बसली, तिला काय झालं तेच कळलं नाही, गळ्याजवळचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं. लहानूनं एका खुर्चीवर काठी मारली, खुर्ची उडून समोरच्या म्हातारीला लागली, तिचं रक्ताळलेलं कपाळ त्यानं पाहिलं, आणि काठी टाकून जो पळाला तो पळालाच. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत दाराकडे धावली. धनंजय ओरडला, थांब, धीरज, थांब. त्या गोंधळात ते कोणाला ऐकू जाणार? धीरज स्टेजवर चढला होता.

वर्षाली पळाली नाही. भिंतीला टेकून तिनं वाकडा हात पोटाशी धरला, अगदी तेव्हासारखा. धनंजयला तो ओटा दिसला, ते अंगण दिसलं. तो एका उडीत वर गेला आणि मध्ये उभा राहिला. धीरजनं उचललेली उभारी खाली आली, त्यानं उजवा हात आडवा केला, आणि तोच आवाज झाला, वाळल्या पऱ्हाटीचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. थांबलं नाही. धनंजयच्या डाव्या हातात नारळ होता. त्यानं तो धीरजच्या तोंडावर हाणला. धीरज पडला, काठी सुटली, त्यानं दोन्ही हात जोडले, दादा दादा म्हणाला. धनंजय त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. दात तुटले, ओठ फाटला, जबडा एका बाजूला सरकला, तरी मारत राहिला. नारळ फुटला, पाणी आणि रक्त एक झालं, तेव्हा करवंटीनं मारायला लागला. मास्तर आणि आणखी चौघांनी त्याला ओढून काढला. शाल अजून त्याच्या खांद्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात त्याच्या खाटेभोवती ही गर्दी. कोणीतरी मोबाईलवर टिपलेलं सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं होतं. त्यात काठी अंगावर घेणारा भाऊ स्पष्ट दिसत होता, आधीचं काही दिसत नव्हतं. पुस्तकातला भाऊ खरा निघाला, असं लोक म्हणत होते. कवडू अडत्या केळी घेऊन आला आणि रडला. बायको अभिमानानं सगळ्यांना चहा देत होती, पोरगी उशाशी बसून बापाच्या प्लास्टरवरून हात फिरवत होती. धीरज खालच्या मजल्यावर होता, जबडा तारेनं बांधलेला, बोलू शकत नव्हता. धनंजयनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगावंसं वाटत होतं, पण पोरीचा हात प्लास्टरवर होता.

संध्याकाळी वर्षाली आली. आचलची शस्त्रक्रिया नीट झाली, एवढं तिनं वहिनीला सांगितलं, आणि सगळ्यांना जरा बाहेर थांबायला लावलं. धनंजय तिच्याकडे पाहून रडायला लागला. म्हणाला, तू मला माफ केलं, चारचौघांत माझी लाज राखली, मी तुझं ऋण कधी फेडू.

वर्षाली खाटेजवळच्या स्टुलावर बसली. घरची बोली तिनं किती वर्षांनी तोंडात घेतली असेल कोण जाणे, पण ती त्याच बोलीत बोलली.

“मी माफ नाई केलं, दादा. त्या फ्लेक्सातून आपल्या उभारीचं कडं बाहेर आलं होतं. मले स्टेजवरून दिसलं. ते कडं मी कुठंही ओयखीन. मले वाटलं, लोकायसमोर तुले चांगलं म्हटलं तं तू मारणार नाई. जीव वाचवाले म्हटलं.”

धनंजयला वाटलं, हातातली कळ डोक्यात चढली. त्यानं कसंबसं विचारलं, की मग पुस्तकात? पुस्तकात तर तू आधीच मला चांगलं लिहिलं होतंस ना? आणि काल मी खरंच मध्ये आलो, हे तर तू पाहिलंस.

“पाह्यलं. त्याच्यानंतरचंबी पाह्यलं. धीरज हात जोडून राह्यला होता अन् तू मारून राह्यला होता. तुह्यं तोंड तेच होतं, ओट्यावरचं.”

ती उठली. दाराबाहेर एक हवालदार उभा होता, धनंजयला तो आत्ता दिसला. मी ठाण्यातूनच आले, म्हणाली, उभारी कोणाच्या गोठ्यातली ते सांगून आले, आणि माझा हात कोणी अन् कशानं मोडला तेही. त्याची पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. धनंजयनं तिच्याकडे पाहिलं, तर तिनं आपले दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

वर्षाली जाता जाता थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती दमलेली होती.

“पुस्तकातला भाऊ कोणालेच मारत नाई, दादा,” ती म्हणाली. “तो नुसता मधात उभा राह्यते.”