तिसऱ्या पेल्यानंतरचं अ‍ॅप

"आगाय, तुमच्या त्या अ‍ॅपवर कामगार खरं बोलतात का हो?"

तोग्जाननं विचारलं आणि मागच्या बाकावर तिची मैत्रीण मेरुएर्त फिदीफिदी हसू लागली. पैज तिनंच लावली होती: तेल कंपनीच्या पाहुण्याला हे विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातले तळलेले बाउर्साक तुझे. कुल्सारी गावच्या त्या शाळेत निम्म्या मुलींचे बाप तेलविहिरींवर, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. उत्तर सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

दास्तान आगायांनी, म्हणजे दास्तान सरांनी, त्या तरुण इंजिनियरनं, डोकं खाजवलं. "कामावर काही अडचण, धोका असेल तर कळावा म्हणून आम्ही एवढंच विचारतो, सगळं ठीक आहे ना? आजवर एकानंही ‘नाही’ दाबलेलं नाही."

"मग तुमच्या विहिरी स्वर्गात असतील," तोग्जान म्हणाली.

"बरं, तू करून दाखव. महिनाअखेरच्या शनिवारी घेऊन ये. चाललं, तर उन्हाळ्यात अतिरौ शहरात आमच्याकडे शिकायला."

झालं, तोग्जानच्या पायाला भिंगरी लागली. साहेबांचं कुठे चुकतंय, हे तिला घरबसल्या माहीत होतं. पापा पाळीवरून आले की दारातच "सगळं झकास" म्हणायचे. पहिल्या पेल्याला गुरंढोरं, दुसऱ्याला सोयरेधायरे. दुधाळ चहाचा तिसरा पेला पोटात गेला की मग पंप गळतोय, शिडी हलतेय. भेटल्या भेटल्या रडगाणं गायला माणसाला काही रीतभात आहे की नाही?

म्हणून तिनं बनवलेल्या अ‍ॅपनं आधी विचारलं, गुरंढोरं खुशाल? मग, लेकरंबाळं? मग, चहा प्यालात? आणि सगळ्यात शेवटी, आता बोला, काय खुपतंय?

पापा ते घेऊन पाळीवर गेले. विहिरीजवळ फोन चालत नाही, पण गडी चहा पितात त्या खोलीत चालतो. "हे अ‍ॅप आहे की सोयरीक जुळवणारी मावशी?" गडी हसले, आणि हसत हसत सगळं भरत गेले. तोग्जानच्या फोनवर उत्तरांचा पाऊस. शिडीची पायरी निखळलीय. बूट चावतात. आचारी मीठ विसरतो. ती खुशीत एकेक वाचत होती, आणि मग थबकली.

‘उजव्या कानानं धोक्याचा भोंगा ऐकू येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही.’ खाली पापांचं नाव.

पापा घरी आले. शनिवार दोन दिवसांवर होता. चहासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर तिनं फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"तिसरा पेला झाला होता," पापा ओशाळून म्हणाले. "बोट आपोआप चाललं. ती ओळ खोड आणि जा दाखवायला. कळलं तर मला विहिरीवरून उतरवतील. आणि डोळे आहेत की माझे शाबूत."

"भोंगा डोळ्यांनी ऐकणार का?" आई म्हणाली आणि चहा ओतायची थांबली.

अतिरौचा अख्खा उन्हाळा तोग्जानच्या डोळ्यांपुढून सरकून गेला.

"पापा, आई, ऐका. ओळ मी खोडणार नाही, आणि शनिवारी जाणारही नाही; पापांचं गुपित त्यांच्याआधी अ‍ॅपनं सांगायला नको. उद्या सकाळी पापांना मी कानाच्या डॉक्टरकडे नेतेय. डॉक्टर जे म्हणतील ते पुढच्या पाळीला मुकादमाला पापा स्वतःच्या तोंडानं सांगतील. अ‍ॅप कंपनीला मिळेल ते त्यानंतर. उन्हाळा हुकला तर हुकला."