जाड तार

नागपूरचा मे महिना काय असतो, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. सकाळी नऊलाच डांबर मऊ होतं आणि बारा वाजले की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्र्याऐंशी सालच्या अशाच मे महिन्यात सक्करदऱ्याच्या मनोहररावांच्या घरची वीज आठवड्यात तिसऱ्यांदा गेली.

घरात तीन कूलर. एक बैठकीत, एक जेवणाच्या खोलीत आणि एक आतल्या खोलीत. तिथे बाळंतपणाला आलेली लेक पुष्पलता आणि तिची दीड महिन्याची मुलगी झोपत. आतला कूलर गरजेचाच होता. बाकीचे दोन मात्र दिवसभर रिकाम्या खोल्यांना वारा घालत बसायचे! मोरीतला दिवा भरदुपारी जळे, चहा उतरवला तरी विजेची शेगडी लालच राही. "पाहुणा आला अन् बैठक तापलेली असली, तं अब्रू जाते," असं मनोहररावांचं म्हणणं.

लाइनमन धोंडबा फ्यूज बसवता बसवता म्हणाला, "मनोहररावजी, ही बारीक तार तुमच्या घरची चौकीदार हाये. लोड वाढला की ते सोता जळते अन् घर वाचवते. बाहेरचे दोन कूलर बंद ठेवा. वायरिंग जुनं हाये, लाकडी पट्टीवरचं. थेट पाळण्यावरून गेलं हाये."

"बिल मी भरून राहिलो ना गा? मंग तुले काहून तरास?"

"बिल तुमचं जी. पण आग काही बिल पाहून लागत नाही," असं म्हणून धोंडबानं शिडी उचलली.

गुरुवारी भिवापूरहून व्याही यायचे होते. चंपतराव नातीला पहिल्यांदाच पाहणार होते. व्याह्यांच्या देखत वीज गेली तर? मनोहररावांना त्या विचारानंच घाम फुटला. त्या दिवशी सकाळी उठून त्यांनी फ्यूज काढली आणि बारीक तारेच्या जागी तांब्याची चांगली जाड तार पिळून बसवली.

बायको तुळसाबाई दारात उभी होती. "आवो, धोंडबानं काय सांगतलं होतं?"

"आजच्यापुरतं हाये वं. उद्या काढतो."

या 'उद्या'नं आजवर किती घरं गिळली असतील, देव जाणे!

नऊपासून तिन्ही कूलर घुमू लागले. शेगडी पेटली, धोतरावर इस्त्री फिरली. अकराच्या सुमारास पुष्पलता म्हणाली, "बाबा, काईतरी जळाचा वास येऊन राहिला."

"कूलरच्या वाळ्याचा असन. जुना झाला."

तरी ते आत डोकावले. पाळण्यावरच्या लाकडी पट्टीच्या रंगाला बारीक फोड आले होते. मनोहरराव पाहत राहिले. हात वर जाणार, तेवढ्यात दाराशी रिक्षाची घंटी वाजली आणि ते लगबगीनं बाहेर गेले.

चंपतराव गार बैठकीत टेकले. पुष्पलता डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांच्या पाया पडायला बाहेर आली.

"बसा व्याहीबुवा, आरामात बसा. आज लाईट जात नसते," मनोहरराव मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

आणि आतून 'फट्' असा आवाज आला!

ते धावले तेव्हा खोलीत काळा धूर कोंडला होता. पट्टी जळत होती आणि वितळलेल्या रबराचे पेटते थेंब पाळण्यात पडत होते. पोर किंचाळत होती. मनोहररावांनी झडप घालून तिला उचललं. तुळसाबाईनं लाकडी लाटण्यानं मेन स्विचचा दांडा खाली पाडला. चंपतरावांनी पाळण्यावर सतरंजी टाकून आग दाबली.

तिन्ही कूलर एकदम थांबले. त्या शांततेत फक्त लेकराचं रडणं उरलं. तिच्या डाव्या टाचेवर आठ आण्याएवढा फोड आला होता.

तुळसाबाईनं रडत रडत जाड तारेचं सांगून टाकलं. चंपतराव हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, माझा जलम मिरचीच्या सातऱ्यावर गेला. उन्हात मिरची वाळवणारा माणूस मी. मले कूलर पायजे, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मनोहररावांना तोंड वर करवेना. ज्या पाहुण्यापायी नात जळता जळता वाचली, त्या पाहुण्यानं काहीच मागितलं नव्हतं! ते लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी धोंडबा आला. मनोहररावांनीच त्याच्या पिशवीतून बारीक तार काढून त्याच्या हातात दिली. "हेच लाव, धोंडबा. जळाची तवा जळू दे."

त्या उन्हाळ्यापासून त्या घरात एकच कूलर चालला. त्याच्यासमोर सगळे एका खोलीत बसत, पाहुणासुद्धा. शेगडीचं काम वाफ कोंडणाऱ्या कुकरनं बरंच हलकं केलं. खोलीतून बाहेर पडताना मनोहररावांचा हात आपोआप बटणावर जाई.

नात आता चार वर्षांची आहे. तिचा हात बटणापर्यंत पुरत नाही. पाटावर चढते, टाचा उचलते आणि रिकाम्या खोलीतला दिवा बंद करते. त्या वेळी तिच्या डाव्या टाचेवरचा पांढरा डाग दिसतो आणि आजोबा दरवेळी मान फिरवतात.

मंडळी, रिकाम्या खोलीतलं बटण बंद करणं ही कंजुषी नव्हे. गरजेपुरती वीज वापरावी, हे शहाणपण बारीक तारेला कळतं. आपल्याला ते कळायला लेकराची टाच भाजावी लागू नये!