मोठीची ओळ वर

नोकरी लागली असती तर वैजयंतीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. कारंज्याच्या एका खासगी शाळेत पंख्याखालची खुर्ची. पोरांच्या तोंडून ‘मॅडम’. सकाळच्या एसटीनं जायचं, म्हणजे सकाळचा सैपाक धाकट्या जावेच्या गळ्यात. आणि यातलं सगळ्यात गोड हे, की संगणक शिकवायची ती जागा एकच होती, आणि धाकटी जाऊ योगिनीनंही तिच्यासाठी अर्ज केला होता.

इंझोरीच्या या घरात सासू रुख्मिणीबाईंचा दंडक होता: दोन्ही सुनांना सगळं सारखं. लुगडी एकाच ठाणातली. दिवाळीला मोबाइल घेतले तेही एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे.

संगणकातलं येत होतं ते योगिनीला. वैजयंती तिला भाकऱ्या थापताना गोडीगुलाबीनं विचारी, आणि योगिनी खुळी, सांगत जाई. राउटर म्हणजे आपल्या आत्याबाई, सासूबाईच. बाहेरून आलेलं कोणाच्या ताटात वाढायचं ते त्याच ठरवतात. बँडविड्थ म्हणजे नळाचा पाइप किती जाड ते. दोघींनी एकदम तोटी सोडली तर धार बारीक होणारच. डीएनएस म्हणजे पारावरचा म्हातारा; नाव सांगितलं की घराचा नंबर सांगतो. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे जेवायला मिळालेला पाट, आज हा तर उद्या तो. आणि मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे मोबाइलच्या हातावरचं गोंदण, जन्मभराचं. हे शेवटचं ऐकताना वैजयंतीचं लक्ष तव्यावर होतं. नको तो मोबाइल वायफायवरून कसा तोडायचा, हे मात्र तिनं दोनदा विचारून घेतलं.

मुलाखत मोबाइलवरच होती. योगिनीची अकराला, वैजयंतीची साडेअकराला. धाकटीनं आतल्या खोलीचं दार लावलं तशी थोरलीनं राउटरचं पान उघडलं. दोन ओळी, दोन्हींत मोबाइलचं नाव तेच. पुढे गोंदणाचे आकडे होते, पण ते कोण वाचत बसतं? तिनं घरची रीत लावली: मोठी वर, धाकटी खाली. खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ब्लॉक केलं.

सकाळी लाइट जाऊन आली होती, तेव्हा आधी जोडला गेला, म्हणून वर बसला, तो योगिनीचा मोबाइल. राउटरला थोरली-धाकटी काय ठाऊक!

वैजयंतीच्या हातातल्या मोबाइलवरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. तोडलेल्या मोबाइलवरून ब्लॉकचं ते कुलूप उघडतही नाही, आणि रिचार्ज तर तिनं वायफाय आलं त्याच महिन्यात थांबवला होता. आतून योगिनीचं हसणं ऐकू येत होतं, आणि मुलाखत घेणाऱ्यांचंही.

योगिनी बाहेर आली. नेट गेलं, तुझ्या मोबाइलवरून जरा पाह्य, असं वैजयंतीनं सांगितलं. योगिनीनं पान उघडलं, ती ओळ पाहिली, आणि बाजेवर निवांत बसली.

“ताई, हे कोनं केलं?”

“मले काय माहीत. आपोआप झालं असंन.”

“आपोआप नाही होत. आयपी अ‍ॅड्रेस म्हंजे काय, सांगा बरं?”

“पाट.”

“अन् मॅक?”

वैजयंतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“गोंदन, ताई. तुमी रांग पाह्यली, गोंदन नाही पाह्यलं.”

“उघडून दे ना वं. टाइम होऊन राह्यला.”

“होऊ द्या. राउटरले पासवर्ड कायले असते, ते सांगा आता.”

शिकवणी बारापर्यंत चालली. मग योगिनीनं मोठ्या मनानं कुलूप उघडून दिलं.

निवड योगिनीची झाली. निरोप आला तेव्हा रुख्मिणीबाई तूर पाखडत होत्या. कोणी काय केलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि सूप खाली न ठेवता म्हणाल्या, “एकीले खुर्ची अन् एकीले चूल, असं या घरात होत नाही. दोघी घरीच राहा.”

योगिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मोबाइलकडे पाहिलं.

तर जमाखर्च असा. खुर्ची कारंज्यातल्याच कोणा पोरीला गेली. सासूबाईंचा दंडक शाबूत राहिला. वैजयंतीला हवं होतं त्यातलं सगळ्यात गोड, म्हणजे ती जागा योगिनीला न मिळणं, तेवढं फुकटात मिळालं. भरलं ते योगिनीनं, दोघींच्या वाट्याचं.